ऑपरेशन होऊन आठ वर्षं झाली, पाळी चुकलीय, आणि गोळ्या चालू आहेत

शेवंती · मंगळवार, रात्री ११.१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

वय ३७, दोन मुलं. धाकट्याच्या सिझेरियनच्या वेळीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करून घेतलं, त्याला आठ वर्षं झाली. पाळी माझी कॅलेंडर लावून यावी तशी, २८ नाहीतर २९ दिवस. आज ४३वा दिवस आहे.

नोव्हेंबरपासून अर्धशिशीसाठी डायव्हालप्रोएक्स चालू आहे, रात्री एक. दीड-दोन महिन्यांपासून अ‍ॅसिडिटीची एक कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी. डोकेदुखीची गोळी देताना डॉक्टरांनी विचारलं होतं, मूल होऊ द्यायचंय का अजून? मी म्हटलं ऑपरेशन झालंय. मग काही प्रश्नच नाही, म्हणाले. काल पाकिटातला तो घडीचा कागद उलगडून वाचला. गर्भावर काय काय परिणाम होतात ते वाचून झोप उडाली.

नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, अगं ऑपरेशन झालंय ना. आईला फोन केला, तीही हेच म्हणाली. जाऊबाई म्हणाल्या, पाळी जायला आली असेल, आपल्या घरात लवकरच जाते. (त्यांच्या घरात. मी बाहेरून आले.)

तर विचारायचं ते असं. ऑपरेशननंतर दिवस राहू शकतात का? या गोळ्यांमुळे ऑपरेशनचा परिणाम जातो का? आणि आजची रात्रीची गोळी घेऊ की नको? ती समोर ठेवूनच लिहितेय.

---

खडीसाखर · ११.१८

आधी किट आण. सकाळची पहिली लघवी. बाकी चर्चा नंतर.

---

भुईनळा · ११.२५

ऑपरेशन झाल्यावरही जो येतो तो पुढे आमदार होतो. आमच्या गल्लीत एक आहे, नगरसेवकापर्यंत पोचला.

---

खडीसाखर · ११.२७

भुईनळा, बाई घाबरलीय. जरा वेळ बघ.

---

भुईनळा · ११.३१

सॉरी शेवंतीताई. खरंच. किट मेडिकलमध्ये रात्रीही मिळतं, भावाला पाठवा.

---

उंबरठा · ११.५२

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे तपासणी होत नाही, त्यामुळे हे सगळं उद्या दवाखान्यात जाण्याच्या आधीचं बोलणं समजा.

राहू शकतात. क्वचित, पण राहू शकतात. अमेरिकेत दहा हजारांहून जास्त बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून केलेला एक मोठा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांत हजारामागे साधारण १८ जणींना दिवस राहिले. पद्धतीप्रमाणे फरक होता. बाळंतपणाच्या वेळी बीजवाहक नळीचा तुकडा कापून केलेल्या ऑपरेशनात हजारी ७ ते ८, नळीला स्प्रिंगची क्लिप लावून केलेल्यात ३६च्या वर. तुमचं सिझेरियनसोबत झालंय म्हणजे बहुतेक नळीचा वेढा बांधून कापलेला असणार, तो यातला भरवशाचा प्रकार. तरी शून्य नाही. कापलेली टोकं कधी पुन्हा जुळतात, कधी टोकाला बारीक छिद्र राहतं. आणि हे पहिल्या वर्षातच होतं असं नाही, आठव्या-दहाव्या वर्षीही झालेलं आहे.

दुसरा प्रश्न. गोळीमुळे ऑपरेशन निकामी होत नाही. हा गोंधळ गर्भनिरोधक गोळ्यांमुळे होतो. टीबीची रिफाम्पिसिन, फिटची काही औषधं ही त्या गोळ्यांचा असर कमी करतात, कारण तिथे दोन्ही औषधं यकृतातून जातात. बांधलेल्या नळीला तुम्ही काय गिळलं याच्याशी देणंघेणं नाही.

तिसरा. डायव्हालप्रोएक्स फिटसाठीही देतात. तुम्हाला आयुष्यात कधी फिट आलेली असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून ती गोळी एका रात्रीत बंद करू नका, अचानक बंद केल्याने मोठी फिट येऊ शकते. फक्त अर्धशिशीसाठी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गरोदरपणाची शक्यता दिसली की हे औषध थांबवतातच, कारण पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या मणक्यावर परिणाम होण्याचा धोका खरा आहे. सकाळी टेस्ट करा आणि पुढच्या डोसच्या आधी ज्यांनी लिहून दिली त्यांना फोन करा.

चौथा तुम्ही विचारला नाहीत, पण मला त्याचीच जास्त काळजी आहे. ऑपरेशननंतर राहिलेल्या गर्भांपैकी जवळपास एक तृतीयांश नळीत राहतात. ओटीपोटात एका बाजूला दुखतंय का? डाग? चक्कर? खांद्याच्या टोकाशी विचित्र दुखणं? यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका.

---

शेवंती · १२.०५

यातलं काही नाही. फिट कधीच नाही. गोळी परत डब्यात ठेवली. खूप खूप आभार डॉक्टर.

---

पित्तशामक · बुधवार, सकाळी ६.४०

सुप्रभात. सगळ्या अ‍ॅलोपथी गोळ्या आजपासून बंद करा. पाळी आणायला कच्ची पपई, तीळ-गूळ, ओव्याचा काढा. तीन दिवसांत मोकळं होतं. आमच्या आजीने गावातल्या कितीतरी बायकांना दिलंय.

---

कृष्णाकाठ · ७.१५

पित्तशामक, तुमच्या आजीबद्दल आदर ठेवून लिहिते. मी काढा घेतला होता.

२०१५. ऑपरेशन होऊन चार वर्षं झालेली, दुर्बिणीतून, रिंग घालून. पाळी दहा दिवस पुढे गेली, मग थोडंसं लाल आलं. मी म्हटलं आली. पण ती पाळी नव्हती, नुसते डाग. आठवडाभर तसंच. सासूबाईंनी काढा दिला, साफ होईल म्हणाल्या. शेजारणीने मेडिकलमधून पाडायच्या गोळ्यांचं पाकीट आणून दिलं, ते सुदैवाने मी घेतलं नाही. टेस्ट केली नाही, कारण ऑपरेशन झालं होतं. टेस्ट कशाची करायची?

गणपती आदल्या दिवशी आणले होते. मोदकाचं सारण परतताना पोटात कळ आली आणि उजवा खांदा दुखायला लागला. मला वाटलं नारळ खवून खवून दुखतोय. मग ओट्याला धरून खाली बसले, पुढचं नंतर सांगितलेलं आठवतंय. नळी फुटली होती. पोटात दीड लिटर रक्त. तीन बाटल्या चढवल्या. दवाखान्यात पहिल्या डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, दिवस गेलेत का? नवरा म्हणाला, नाही हो, ऑपरेशन झालंय. तर त्यांनी अपेंडिक्स धरलं. दुसऱ्या बाईंनी सोनोग्राफी केली म्हणून इथे लिहितेय.

शेवंती, टेस्ट कर. तुला भीती घालायची नाहीये.

---

उंबरठा · ७.५०

कृष्णाकाठ यांनी लिहिलेलं पाकिटाचं पुन्हा सांगतो. गर्भपाताच्या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. रक्तस्राव होतो, बाईला वाटतं झालं, आणि नळी आतून फुगत राहते. ऑपरेशन झालेल्या बाईने तर सोनोग्राफीत गर्भ पिशवीत आहे हे दिसल्याशिवाय त्यांना हातही लावू नये.

---

पित्तशामक · ८.०२

मी गरोदर असेल तर घ्या म्हटलं नव्हतं.

---

खडीसाखर · ८.०४

आहे की नाही तेच माहीत नाहीये ना दादा!

---

नलूमावशी · ९.३०

माझं ऐका. १९८३ साली आमच्या तालुक्याला कॅम्प लागला होता. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून बायका ओळीनं निजवलेल्या. माझ्या शेजारी आमची चुलत नणंद. दोघींचं एकाच दिवशी झालं. ती म्हणायची, वहिनी, आपण दोघी एका टाक्याच्या बहिणी.

दीड महिन्यानं तिला कोरड्या उलट्या. सगळ्यांनी तिच्या नवऱ्याला सोडून तिच्याकडंच बघायला सुरुवात केली. ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस गेले तर गावात पहिला संशय कुणावर हे सांगायला नको. सासऱ्यांनी बोलणं टाकलं. शेवटी नर्सबाई घरी आल्या आणि हिशोब करून सांगितलं की ऑपरेशनच्या आधीच राहिलं होतं, चार-सहा दिवसांचं होतं म्हणून कळलं नाही. तवा कुठं घरात चूल नीट पेटली. तो मुलगा आता एसटीत वाहक आहे. त्याला आम्ही लाडानं 'कॅम्प्या' म्हणतो.

पण ते दीड-दोन महिने तिनं काय काढले ते मी बघितलंय. भुईनळा, तुझ्या आमदाराच्या आईला विचार.

---

भुईनळा · ९.४१

मावशी, दंडवत. गप्प बसतो.

---

पायवाट_आशा · १०.१५

मी आशा म्हणून काम करते. मावशी म्हणतात तसं होऊ नये म्हणून आता ऑपरेशनच्या आधी लघवीची तपासणी असते, आणि बाळंतपणानंतरचं नसेल तर पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत घेतात.

तुम्ही जो संमतीचा फॉर्म सही केला त्यात स्पष्ट छापलेलं असतं की ऑपरेशन फसू शकतं, आणि पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत दवाखान्यात कळवायचं. मी वाचून दाखवते. पण त्या वेळी बाई घाबरलेली असते, कडेवरचं रडत असतं, आणि नवरा विचारतो पैसे कधी जमा होणार. दहातली एकही पुढे ते वाक्य लक्षात ठेवत नाही. गरोदरपण तपासायचं सरकारी निश्चय किट आमच्याकडे फुकट असतं. ऑपरेशन झालेल्या बायका मागायलाच येत नाहीत, लाजतात. मागितलं तर लोक काय म्हणतील.

---

औषधवाला · १०.४०

मेडिकल दुकान आहे, बावीस वर्षं काउंटरला उभा आहे. शेवंतीताई, ती अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल. नाव नको, मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते द्या. पँटोप्राझोल, राबेप्राझोल असं काहीतरी 'प्राझोल' असेल. त्याच्यापुढे अजून एक नाव आहे का?

---

शेवंती · ११.२०

सकाळी टेस्ट केली. एकच रेघ. पाच मिनिटं बघत बसले, मग नवऱ्याला उठवून त्यालाही बघायला लावलं. त्याने किट बल्बखाली धरून बघितलं, पाचशेची नोट तपासावी तसं.

औषधवाला, राबेप्राझोल आणि लिव्होसल्पिराइड ७५ मिग्रॅ.

---

औषधवाला · ११.२६

ताई, एक खाजगी प्रश्न, उत्तर नको असेल तर सोडा. छाती भरल्यासारखी वाटते का? दाबल्यावर दुधासारखं काही येतं?

---

शेवंती · ११.४८

हो. तीन आठवड्यांपासून. इथे लिहिलं नव्हतं, लाज वाटली. खरं तर त्याच्यामुळेच माझी खात्री झाली होती की दिवस गेलेत. धाकटा पोटात असताना असंच झालं होतं.

---

उंबरठा · दुपारी १.३०

औषधवाला, तुमच्यासारखे काउंटरवर अजून चार जण हवेत.

लिव्होसल्पिराइड पोटाची हालचाल वाढवायला देतात, पण ते मेंदूतल्या डोपामिनला अडवतं. डोपामिनचं एक काम म्हणजे प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनला दाबून ठेवणं. तो हात सुटला की प्रोलॅक्टिन चढतं, स्तनातून दूध येतं आणि पाळी थांबते. डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइडनेही होतं, रिस्पेरिडोनसारख्या मानसिक आजाराच्या औषधांनी होतं. यातली दोन आपल्याकडे 'गॅसची गोळी' म्हणून घराघरात महिनोन् महिने चालतात.

पण थांबा, लगेच पेढे नकोत. गरोदरपणातही प्रोलॅक्टिन वाढतंच. म्हणून आधी गर्भ नाही याची खात्री, मग दुसरं. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे होऊन गेले असतील आणि किट निगेटिव्ह असेल तर ते बहुतेक खरं. तुमची चाळिशी ओलांडलेली पाळी (दिवसांची म्हणतोय, वयाची नाही) आणि ऑपरेशनची पार्श्वभूमी बघता मी रक्ताची बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाची रक्ततपासणी, करून घेईन. सोबत प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड. एकाच सुईत होतं.

---

सातवा_मजला · २.१०

आता एक मूलभूत शंका. ताईंचं सिझेरियन, त्यातच ऑपरेशन, वर अर्धशिशी, वर अ‍ॅसिडिटी. भावोजींचं काय काय झालंय आजवर?

---

खडीसाखर · २.१२

😂 सातव्या मजल्यावरून थेट खाली उडी!

---

सातवा_मजला · २.३०

गंमत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्क्यांनी नसबंदी करून घेतलेली आहे आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. पुरुषांची बिनटाक्याची, दहा-पंधरा मिनिटांची, पोट उघडावं लागत नाही. मी केली आहे. सोसायटीत कळलं तेव्हा लोकांनी मला तब्येतीची काळजी घ्यायला सांगितली, जड उचलू नका वगैरे. माझ्या बायकोच्या सिझेरियननंतर महिनाभरात तिच्याकडून गव्हाचा डबा उचलून घेणारी हीच मंडळी.

---

गोदातीर · २.५५

सातवा मजला, मान्य, पण तीन महिन्यांनी वीर्यतपासणी केली का? आमचे एक मित्र न करता 'मोकळे' झाले. आता त्यांना जुळी आहेत.

---

सातवा_मजला · ३.०१

केली. रिपोर्ट फ्रेम करून लावणार होतो, बायको नको म्हणाली.

---

फिर्यादी · ४.२०

वकील आहे. धाग्याशी थेट संबंध नाही असं आता दिसतंय, पण हा धागा शोधून कुणी येईल म्हणून लिहून ठेवतो.

ऑपरेशन फसलं एवढ्यावरून डॉक्टरचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात स्पष्ट केलं, कारण कुठलीच पद्धत शंभर टक्के नाही. त्याआधी २००० मध्ये हरियाणाच्या प्रकरणात भरपाई कायम झाली होती, पण तिथे एकच नळी बांधली होती आणि बाईला सांगितलं दोन्ही झाल्या. फरक लक्षात घ्या.

कोर्टाशिवायची वाट म्हणजे सरकारची कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजना. ऑपरेशन सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात झालेलं हवं आणि गर्भ राहिल्याचं कळल्यापासून ९० दिवसांत अर्ज हवा. बहुतेक अर्ज तिथेच अडतात, कारण घरात पहिले दोन महिने 'ऑपरेशन झालंय, कसं शक्य आहे' यातच जातात. नसबंदीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांनी ते गॅसच्या पुस्तकात ठेवलं होतं आणि पुस्तक जुन्या कनेक्शनसोबत परत केलं होतं.

आणि गर्भ नको असेल तर गर्भनिरोधक साधन फसणं हे कायद्याने मान्य कारण आहे, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, दवाखाने मागतात.

---

पायवाट_आशा · ५.०५

शेवटच्या वाक्यासाठी धन्यवाद वकीलसाहेब. स्क्रीनशॉट काढला.

---

पित्तशामक · ५.४०

माझी एक शंका. मग अ‍ॅसिडिटीला काय घ्यायचं? मी तेच घेतो, तीन वर्षं झाली.

---

खडीसाखर · ५.४२

अ‍ॅलोपथी?? 😳

---

पित्तशामक · ५.४४

पोटाला चालतं.

---

औषधवाला · ६.१५

पित्तशामकभाऊ, हसत नाही, पण ही गोळी कुणी तीन वर्षं लिहून दिली? बहुतेक कुणीच नाही. एकदा लिहिली आणि मग रिकामं पाकीट दाखवून नेत राहिलात. माझ्या दुकानातून रोज तसेच नेणारे येतात, मी चिठ्ठी मागितली तर पुढच्या दुकानात जातात. त्यातल्या लिव्होसल्पिराइडने वयस्कर लोकांचे हातही थरथरायला लागतात, पार्किन्सनसारखे. डॉक्टरांना दाखवून नुसत्या 'प्राझोल'वर या, आणि तेही गरज असेपर्यंत.

---

शेवंती · शनिवार, सकाळी १०.२०

गुरुवारी रक्त दिलं, काल रिपोर्ट आले. बीटा एचसीजी निगेटिव्ह. थायरॉइड ठीक. प्रोलॅक्टिन ११८, असायला हवं २५च्या आत. सोनोग्राफीही झाली, काही नाही. डॉक्टर बाईंनी कॅप्सूल बंद केली, चार-सहा आठवड्यांनी प्रोलॅक्टिन पुन्हा करायचं, तोपर्यंत पाळी नाही आली किंवा आकडा नाही उतरला तर मेंदूची तपासणी बघू म्हणाल्या.

अर्धशिशीची गोळी देणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडेही गेले. त्यांना सांगितलं की ऑपरेशन झालंय म्हणून मला कुणी काही विचारत नाही, तुम्हीही पुढे काही विचारलं नव्हतं. ते थोडा वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, तुमच्यासाठी दुसरं औषध बघू. प्रोप्रॅनोलॉल दिलंय. आधी दमा आहे का ते विचारलं. या वेळी चार प्रश्न जास्त विचारले.

नवरा आता शांत आहे. काल विचारत होता, ते सातवा मजलावाले कुठे राहतात.

---

सातवा_मजला · १०.३३

का? मारायला की विचारायला?

---

शेवंती · १०.४०

अजून ठरलं नाहीये म्हणे.

---

कृष्णाकाठ · ११.०५

बरं वाटलं गं वाचून. आज मोदकाची आठवण आली, आठ वर्षांत पहिल्यांदा नुसती मोदकाची.

---

नलूमावशी · ११.५०

देव पावला. शेवंती, जाऊबाईला सांग पाळी जायला आली नव्हती म्हणून.

---

रानजाई · रविवार, रात्री १२.१५

नवीन आहे. हा सगळा धागा वाचला. माझं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी, कॅम्पमध्ये, दुर्बिणीतून. पाळी सहा दिवस पुढे गेलीय. टीबीचं औषध चालू आहे. डाव्या बाजूला बारीक दुखतंय, काल थोडं लाल दिसलं. किट अजून आणलं नाही. सकाळपर्यंत थांबू का?

---

उंबरठा · १२.१९

नाही. थांबू नका. घरी कोण आहे? त्यांना उठवा आणि जिथे सोनोग्राफी आणि ऑपरेशनची सोय आहे तिथे आत्ता निघा, १०८ लावा. पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा: ऑपरेशन झालंय, तरी पाळी चुकलीय आणि दुखतंय. टीबीच्या गोळ्यांची फाइल सोबत न्या. निघालात की इथे एक शब्द लिहा.

---

रानजाई · १२.३१

सासूबाईंना उठवलं. निघतोय.